मधले नाव

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, तो आपल्या परिचयाचा, पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जावयाचा तो धसमुसळा खेळ आहे. आणि त्यात 'क्वार्टरबॅक' म्हणून जो गडी असतो, तो चढाईचा सूत्रधार. या सूत्रधारांविषयी वाचीत असता एक मौजेची गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्यांतील कित्येक आपल्या पहिल्या नावाने ओळखलेच जात नाहीत. डॅक प्रेस्कॉट याचे पूर्ण नाव रेन डकोटा प्रेस्कॉट. ट्रेव्हर लॉरेन्स हा विल्यम ट्रेव्हर लॉरेन्स. मॅथ्यू स्टॅफर्ड हा जॉन मॅथ्यू स्टॅफर्ड. आर्ची मॅनिंग या जुन्या खेळाडूची गोष्ट तर अधिकच मनोरंजक. त्याचे पहिले नाव एलायशा. ते बाजूस ठेवून आर्चिबाल्ड या मधल्या नावाच्या लघुरूपाने तो गाजला. पुढे बापाने न वापरलेले ते नाव त्याच्या एका मुलाच्या वाट्यास आले, आणि 'ईलाय' या रूपाने त्याच खेळात कीर्तिमंत झाले.

हे वाचून प्रथम आम्हांस हसू आले. मधल्या नावाने हाक मारण्याची चाल आमच्याकडे असती तर केवढा घोटाळा उडाला असता! सुनील मनोहर गावसकर यांस कोणी 'मनोहर' म्हणून हाक मारली, तर 'ओ' त्यांच्या वडिलांनी द्यावयाची. अमेरिकेतील मुलास आईबाप दोन नावे देतात, आणि दोन्ही त्याचीच असतात. त्यांतून कोणते वापरावे हा आवडीचा किंवा सोयीचा प्रश्न. आमचे मधले नाव मात्र आमचे नसतेच. ते वडिलांचे, विवाहित स्त्रीच्या बाबतीत बहुधा पतीचे. मग प्रश्न असा उत्पन्न होतो की, जे नाव आमचे नव्हे आणि ज्या नावाने आम्हांस कोणी हाक मारीत नाही, ते आम्ही जन्मभर का वागवावे?

ओळख पटावी म्हणून, असे उत्तर कोणी देईल. एकाच गावात एकाच आडनावाचे चार ज्ञानेश्वर असले म्हणजे बापाच्या नावावाचून निवाडा होत नाही, हे खरे. परंतु ज्यास जग ओळखू लागते त्याचे मधले नाव प्रथम गळते, हाही अनुभव आहे. १९६४ साली मद्रासच्या कसोटी सामन्यात इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकणारे गोलंदाज धावफलकावर आर. जी. नाडकर्णी होते, म्हणजे रमेशचंद्र गंगाराम. लोकांच्या मुखी मात्र ना रमेशचंद्र होते, ना गंगाराम. होते ते 'बापू'. तेव्हा नुसत्या ओळखीसाठी मधल्या नावाची गरज नाही. त्याचे प्रयोजन दुसरे असले पाहिजे. आणि आमच्या मते ते ऋणाची कबुली हे होय. 'मी आपल्या बळावर उपजलो नाही' एवढेच ते एक नाव सांगत असते.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणून दिले. के. डी. जाधव या नोंदीतील 'डी' म्हणजे दादासाहेब, त्यांचे वडील. दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि मुलास कुस्तीचे पहिले डाव त्यांनीच शिकविले. येथे ते मधले अक्षर किती यथार्थ आहे! परंतु हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसा कमी पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. ते ऋण नावात कोठे आहे? सर्व धनकोंची नावे लावावयाची म्हटली तर माणसाचे नाव वहीखात्याएवढे लांब होईल. जागा एकच असल्यामुळे ती कोणास द्यावयाची हा प्रश्न उरतोच. आणि आजवर तो रूढीने सोडविला आहे, विचाराने नव्हे.

आमच्याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात, आश्वी खुर्द येथे जन्मलेले क्रिकेटपटू अजिंक्य मधुकर रहाणे यांनी आपल्या बालपणाची एक हकीकत सांगितली आहे. डोंबिवलीत असता रिक्षाला पैसे परवडत नसत. म्हणून आई एका हाती त्यांची खेळाच्या सामानाची पिशवी आणि कडेवर धाकटा भाऊ घेऊन त्यांस मैदानावर पायी पोहोचवीत असे. २०१६ साली विशाखापट्टणमच्या एका सामन्यात भारतीय खेळाडूंनी आपापल्या आईचे नाव पाठीवर लावले, तेव्हा रहाण्यांच्या पाठीवर 'सुजाता' होते. त्यामागे एका दूरचित्रवाहिनीची जाहिरात होती, हे आम्ही विसरत नाही. तथापि, जी गोष्ट घरोघर आपण होऊन सुचावयाची, ती जाहिरातदारास आधी सुचावी, यात दोष जाहिरातदाराचा नाही.

पाथर्डीत राहणाऱ्यास तर हे अधिकच जाणवावे. दसरा-दिवाळीनंतर येथून ऊसतोडीस जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस मिळून 'एक कोयता' म्हणतात. फडात घाम दोघांचा गळतो. उचल मात्र सामान्यतः पुरुषाच्या नावे लिहिली जाते. शाळेतील मुलाच्या नावाचा हिशेबही आजवर तसाच चालत आला.

काही वर्षांपूर्वी याच भागातील एका यात्रेच्या हगाम्यास आम्ही गेलो होतो. कुस्ती पुकारणाऱ्याने एका पोरास पूर्ण नाव विचारले. पोराने स्वतःचे नाव सांगितले, मग आईचे आणि मग गावाचे. पुकारणारा घुटमळला; म्हणाला, "बापाचं नाव सांग की." पोर खाली पाहू लागले. आसपास दोघे-चौघे हसले. खेदाची गोष्ट ही की, त्या वेळी आम्हीही मनातल्या मनात काही तर्क केलेच. इतक्यात त्या पोराचा वस्ताद पुढे होऊन म्हणाला, "तसंच पुकारा. खुराक तिनंच घातलाय." मग त्याचे नाव तसेच पुकारले गेले. कुस्ती बरोबरीत सुटली. परंतु आम्ही पुस्तकांतून जे शिकलो नव्हतो, ते त्या वस्तादाने एका वाक्यात शिकविले.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असे ठरविले की, त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे. कायद्याने कृतज्ञता उत्पन्न होत नाही, असा आक्षेप यावर येतो. तो खरा आहे. पण कायद्याने कृतघ्नतेची सवय मोडू शकते, आणि एवढे कायद्याकडून झाले तरी पुष्कळ झाले. वडिलांचे नाव काढून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. दादासाहेब जाधवांसारख्या पित्याचे नाव वागविणे हे भूषणच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या मधल्या जागी कोणाचे नाव असावे, हे रूढीने नव्हे तर सत्याने ठरावे. ज्याने वा जिने वाढविले, त्याचे वा तिचे ते नाव असावे. दोघांनी वाढविले असेल तर दोघांचे असावे. आणि एकाच माणसाने वाढविले असेल तर तेवढेच सांगताना कोणाही मुलास मान खाली घालावी लागू नये.

अमेरिकेतील त्या खेळाडूंस मधले नाव घेऊन स्वतःस मिरविता येते. आम्हांस ते घेऊन दुसऱ्याचे स्मरण करता येते. ही आमची चाल आम्हांस अधिक थोर वाटते; मात्र ज्याचे स्मरण करावयाचे, तो माणूस आपण नीट ओळखला पाहिजे.