सुपाएवढे कान

माझे कान मोठे आहेत. ही कबुली नव्हे, पुढच्या मजकुराला दिलेलं तारण आहे. बँकेत तेवीस वर्षं काढल्यावर माणूस तारणाशिवाय काही देत नाही, मतसुद्धा नाही.

तर गेल्या रविवारी डोंबिवलीच्या आमच्या घरी कन्येने 'डंबो' लावला. वॉल्ट डिस्नेचा, 1941 सालचा, जेमतेम 64 मिनिटांचा. स्लो गाडीने सीएसटी गाठायच्या आत आटपणारा. सर्कशीतल्या हत्तिणीला पिल्लू होतं, त्याचे कान सुपाएवढे निघतात आणि बाकीच्या हत्तिणी नाकं मुरडतात. (हत्तिणीने नाक मुरडायचं म्हणजे केवढं काम!) सर्कस बघायला आलेलं एक कार्टं पिल्लाचा छळ करतं, आई चिडून त्याला चोप देते, तर तिलाच पिसाळलेली ठरवून कोंडतात. इथे मी चष्मा पुसायला घेतला.

खरं तर पिल्लू चुकीच्या देशात जन्मलं. आमच्याकडे शूर्पकर्ण हे साक्षात गणपतीचं नाव. डंबोला फडके रोडने आणलं असतं, तर गणेश मंदिरापर्यंत पोचेतो लोकांनी त्याला दूर्वांनी झाकून टाकलं असतं. अर्थात हा मान हत्तीच्या तोंडाला. तेच कान माणसाच्या तोंडाला असले की शूर्पकर्णाचं सुपडं होतं. कल्याणच्या शाळेत पाचवीपासून माझं तेच नाव होतं. हजेरीपटावर तेवढं वेगळं होतं.

पुढे डंबोला त्याच कानांनी उडता येतं. पेपरात फोटो येतात, आणि कानांचा दहा लाख डॉलरचा विमा उतरतो! काल देण्यांच्या बाजूला असलेले कान एका रात्रीत मालमत्तेच्या बाजूला. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला ही नोंद फार आवडली. अँडरसनने 1843 साली लिहिलेल्या बदकाच्या कुरूप पिल्लाची कथा अशीच. गदिमांच्या बालगीतामुळे ते पिल्लू आपल्या घरचंच झालं आहे. ते मुळात राजहंसाचं, म्हणजे खातंच चुकीच्या शाखेत उघडलेलं. 1964 सालच्या बाहुल्यांच्या चित्रपटातलं लाल नाकाचं रेनडियरही तसंच. हिमवादळात दिवा म्हणून नाक उपयोगी पडलं, तेव्हा कुठे सगळ्यांना ते गोड दिसलं.

चित्रपट संपला आणि कन्येने विचारलं, "बाबा, आणि त्याला उडता आलंच नसतं तर?"

मी "जेवायला चला" म्हणालो. पण घास काही उतरेना. कारण उडता न येणाऱ्यांतला एक मी होतो, आणि दुसरा मला माहीत होता.

सातवीत आमच्या वर्गात एक मुलगा आला. त्याची जीभ अडखळायची. शब्द सुटण्याआधी दोन-तीन हिसके बसायचे, कल्याण यार्डात डबे जोडताना बसतात तसे. त्याचं नाव 'मालगाडी' पडलं. ते कोणी ठेवलं हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी ठेवलं. वर्गाला नवा खेळ मिळाला, सुपडं मागे पडलं आणि त्या आठवड्यापासून मला शाळा आवडू लागली. सर्वांत मोठ्याने मीच हसायचो. हसणं थांबलं की लोकांचं लक्ष कानांकडे जाईल, ही धास्ती. चित्रपटातले दुष्ट कसे ओळखू येतात! तिथे दुष्टांमध्ये एखादा लंबकर्ण दाखवलेला मी पाहिलेला नाही.

तो मुलगा मात्र वाचनाची पाळी आली की उभा राहायचा. धडा संपेपर्यंत वाचायचा आणि बसायचा. पाळी चुकवावी म्हणून कधी गैरहजर राहिला नाही. पोट दुखतंय असंही म्हणाला नाही. (ते मी म्हणायचो, गणिताच्या तासाला.) दहावीपर्यंत तो उडाला नाही, हंसही झाला नाही, आणि त्याच्या जिभेचा विमा कोणी उतरवला नाही.

परवा आमच्या ठाण्याच्या शाखेत महिनाअखेरची गर्दी होती. काउंटरवर एक गृहस्थ आले. "पा... पा..." मी मान वर केली. मागचा एक तरुण खुदकन हसला. 'पासबुक' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण मी तो गिळला आणि थांबलो. माझ्या नोकरीत गिऱ्हाइकासाठी इतका वेळ मी प्रथमच थांबलो असेन.

"पासबुक एंट्री," त्यांनी शब्द पुरा केला. मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि चेहरा उजळला. "अरे, तू सु... सु... सुपडं ना?"

सगळी रांग हसली. आमचा शिपाई तर स्टूल धरून हसला. दुपारच्या चहापर्यंत मॅनेजरसाहेबही मला चोरून कानांच्या बाजूने पाहत होते. तो स्वतः मात्र इतक्या निर्मळ आनंदाने हसत होता की मला उलट काही बोलवेना. शिवाय माझ्याकडे त्याला हाक मारायला एकच नाव होतं. खरं नाव मी त्याच्या पासबुकावर वाचून घेतलं.

रात्री ही हकीकत कन्येला सांगितली. कानांपाशी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि तू त्याला सॉरी म्हणालास ना?"

"मागे रांग होती गं," मी म्हणालो.