आधी बघू

काकूंचे डोळे घारे. चिपळूणच्या माहेरी त्याचं कोण कौतुक! जर्मनीतल्या एसेनच्या डॉक्टरांनी मात्र, फिक्या बुबुळांच्या माणसांत डोळ्याचा मेलॅनोमा हा कर्करोग जास्त आढळतो, असं सांगितलं तेव्हा काका त्यांच्यावरच रागावले. पण डोळा वाचला. गाठीच्या जागी डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला रुथेनियमची चकती काही दिवस शिवून ठेवली आणि गाठ मेली. मग काकांना या शहराचा अभिमानच वाटू लागला. ग्रहण बघून पडदा भाजलेल्या रुग्णावरून ज्याला प्रकाशानेच डोळ्यावर उपचार करायचं सुचलं, तो मायर-श्विकेराट १९५९ पासून इथलाच, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

सहा वर्षांनी यकृताच्या एमआरआयवर दोन ठिपके उमटले. या आजाराच्या पेशी रक्तातून सुटतात आणि बहुतेक वेळा यकृतातच जाऊन बसतात. निम्म्याअधिक नाही, तरी जवळपास निम्म्या रुग्णांवर ही वेळ येते.

"दोनच ना? कापून टाका," काका म्हणाले.

"आधी दुर्बिणीतून बघू," सर्जनबाई म्हणाल्या. "दोनच असतील तर काढेन. जास्त दिसले तर बंद करेन."

काका घरी येईपर्यंत धुमसत होते. "मैदानात उतरायच्या आधीच माघारीची भाषा! दुसरा सर्जन बघू."

काकूंनी पुढच्या भेटीत बाईंना एवढंच विचारलं, "असं न काढता बंद केलंय कधी?"

"बऱ्याचदा."

काकूंनी सही केली.

सकाळी आठला त्यांना आत नेलं. सव्वानऊला बाई बाहेर आल्या, तेव्हाच काका समजले. यकृतभर खसखशीएवढे काळे कण पसरले होते, एमआरआयला न दिसलेले. बाईंनी तपासणीपुरता एक कण घेतला आणि छोटे टाके घालून सगळं आवरलं.

"हत्यार हातात होतं. निदान मोठे दोन तरी काढायचे!"

"काढले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "त्यांची मोठी जखम भरेपर्यंत पुढचे उपचार थांबले असते. कण थांबले नसते."

काका यावर काही बोलले नाहीत. पण आभारही मानले नाहीत, हे सांगायला हवं.

जखम लहान, त्यामुळे पुढच्याच महिन्यात दुसरा उपचार सुरू झाला. यकृताचा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता वेगळा करून त्यात तीव्र औषध सोडायचं आणि तिथलं रक्त गाळून शरीरात परत पाठवायचं. गाठी आक्रसल्या. किती दिवसांसाठी, ते कुणी सांगितलं नाही, काकूंनी विचारलंही नाही. गणपतीला त्यांनी उकडीचे मोदक केले आणि कळ्या नीट पडल्या नाहीत म्हणून चिडल्या.

त्याच सुमारास महाराष्ट्र मंडळातल्या एका ओळखीच्यांचा फोन आला. त्यांच्या मेहुण्याच्या यकृतात काही निघालं होतं, चांगला सर्जन हवा होता. काकांनी बाईंचा नंबर दिला.

"वहिनींचं ऑपरेशन त्यांनीच केलं ना?"

"हो," काका म्हणाले, "त्यांनीच केलं."