खाल्ल्या मिठाचा हिशोब

गोत्री हे एके काळी वडोदऱ्याबाहेरचे खेडे होते. आज शहर कुठे संपते आणि गोत्री कुठे सुरू होते, हे तिथे जन्मलेल्या माणसालाही सांगता येणार नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीत मराठी घरे चारच होती. दुधाच्या रांगेत गुजराती, घरात मराठी आणि भांडणात दोन्ही, असा आमचा व्यवहार. त्या चारांपैकी एक घर आप्पांचे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे, रविवारी न चुकता सायकल पुसणारे. प्लेटिंगच्या एका लहान कारखान्यात ते कामाला होते. पत्र्याची शेड, तीन टाक्या आणि सात-आठ माणसे. नळाच्या तोट्या, सायकलची हँडले, खुर्च्यांचे पाय यांना क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचा, हे काम.

१९९३ सालची एक संध्याकाळ मला आठवते. वहिनी देवळात गेल्या होत्या आणि चुलीवरची डाळ करपली. आमच्या घरापर्यंत वास आला म्हणून मी धावत गेलो, तर आप्पा स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसलेले. "आप्पा, डाळ!" मी ओरडलो. ते दचकून उठले. पुढे वहिनी रागावल्या तेव्हा आप्पा हसून म्हणाले, "अगं, नाकाला भोक आहे माझ्या. वास आरपार निघून जातो." आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, एका नाकपुडीत घातला आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढून दाखवला. तेव्हा मात्र कुणी हसले नाही.

हे भोक कसे पडते ते मला पुष्कळ उशिरा कळले. टाकीत क्रोमिक ॲसिड असते. वीज सोडली की त्यातून बारीक बुडबुडे वर येतात आणि फुटताना ॲसिडचे अदृश्य तुषार हवेत उडवतात. टाकीवर वाकलेला माणूस ते श्वासाबरोबर ओढतो. नाकाच्या मधल्या पडद्यावर जखम होते, खपली धरते, कधी रक्त येते. आणि मग एक दिवस तिथला कूर्चेचा तुकडा झडून जातो. भोक पडते तेव्हा दुखत नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. टाकीच्या काठाला हवा ओढून घेणारा पंखा लावला, पृष्ठभागावर फेस धरणारे द्रव्य घातले, तर बरेचसे टळते. ही विद्या नवी नाही. क्रोमच्या क्षारांनी कामगारांच्या अंगावर पडणाऱ्या जखमांची नोंद ग्लासगोच्या एका डॉक्टरने १८२७ साली केली होती.

मी सरकारी कचेरीत कारकून. मराठी शेजाऱ्यांचे गुजराती अर्ज लिहून देणे हा माझा जोडधंदाच, अर्थात बिनपैशाचा. आप्पांच्या थोरल्या मुलाने मला विचारले, "काका, बाबांच्या नाकाचा क्लेम होतो म्हणतात. अर्ज लिहाल?" मी कागद घेऊन गेलो. आप्पांनी तो हातातही घेतला नाही.

"भाऊ, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध कागद कसा करायचा? शेठनं ताईच्या लग्नाला पाच हजार दिले. परत मागितले नाहीत. शेठ स्वतः टाकीवर उभा राहतो. त्याचं नाक काय सोन्याचं आहे?"

आणि मी, ज्याने हे सगळे वाचून-समजून घ्यायला हवे होते, म्हणालो, "खरं आहे, जाऊ द्या." कागद घरी आणून कपाटात ठेवला. हा लेख त्या "जाऊ द्या"बद्दल आहे.

खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे फार मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेच. त्याची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण आप्पांच्या म्हणण्यात एक गृहीतक होते आणि ते मीही तपासले नाही. ते असे, की भरपाई मागणे म्हणजे मालकावर आरोप करणे. शेठ भला असेल तर मागू नये. तो दुष्ट असेल तरच मागावे. प्रश्न शेठच्या स्वभावाचा होऊन बसला.

कायद्याने हा प्रश्न मुद्दामच असा ठेवलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि "धोका ठाऊक असून तू काम पत्करलेस" हे उत्तर ऐकून बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतावे लागे. १८९७ च्या तिथल्या कायद्याने हे पहिल्यांदा बदलले. कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. १९०६ मध्ये शिसे, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक अशा विषांनी होणारे रोगही त्यात आले. आपल्याकडचा १९२३ चा कामगार भरपाई कायदा याच तत्त्वावर बांधलेला होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि क्रोमियम व त्याच्या विषारी संयुगांनी होणारे रोग तीत होते. तसल्या कामावर एका मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झाली असेल आणि तो रोग जडला असेल, तर तो कामामुळेच झाला असे कायदा मानून चाले. तसे नाही, हे सिद्ध करायचे ते मालकाने. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रोगांची यादी तीतही आहे.

म्हणजे आप्पांच्या अर्जात "शेठ वाईट आहे" असे एक अक्षरही लिहावे लागले नसते. एवढेच लिहायचे होते, की या चकचकीत तोटीच्या किमतीत माझे नाकही गेले आहे, ते हिशोबात धरा. तोटी विकत घेणाऱ्याने लोखंडाचे पैसे दिले, विजेचे दिले, शेठच्या नफ्याचे दिले. नाकाचे कुणीच दिले नाहीत. माझ्या न्हाणीघरातली तोटीही तशीच चकाकते. तेव्हा मीठ कुणी कुणाचे खाल्ले, हा प्रश्न आप्पांना वाटला तेवढा सोपा नव्हता. मालकाने कामगाराला पोसले हे खरे. पण कामगाराच्या शरीरावर मालक, गिऱ्हाईक आणि आपण सगळेच पोसलो गेलो, हेही तितकेच खरे.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो खोटा नाही. लहान कारखानदार एका दाव्यात बुडेल. त्याच्याबरोबर सात घरांची चूल विझेल. पण म्हणूनच विमा काढायचा असतो. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यामागे हाच विचार होता. थोडे कामगाराने, जास्त मालकाने भरायचे आणि वेळ आली की एकट्या मालकाऐवजी महामंडळाने द्यायचे. आप्पांचा कारखाना इतका लहान होता की तो त्या योजनेत बसत नव्हता. जिथे माणसे थोडी आणि हवा कोंडलेली, नेमके तिथेच छत्र नाही.

दुसरा आक्षेप असा, की आप्पांना ठाऊक होते. त्यांनी राजीखुशीने काम केले. त्यांना काय ठाऊक होते? टाकीवर गूळ खावा, म्हणजे घसा साफ राहतो, एवढे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कामातल्या धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. माहितीशिवाय दिलेली संमती ही संमती नव्हे, असेच त्या दुरुस्तीने मान्य केले. पत्र्याच्या शेडपर्यंत ती माहिती पोचली नाही, हा भाग वेगळा.

पण माझ्या मते खरी अडचण याहून खोल आहे. कायदा जे मोजतो ती असते कमावण्याची ताकद. बोट तुटले तर पकड जाते, पकड गेली तर मजुरी घटते. त्याचे टक्के ठरतात. नाकाच्या पडद्याला भोक पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो. मग त्याचे गेले काय? करपलेल्या डाळीचा वास गेला. पहिल्या पावसाचा गेला. नातवाच्या टाळूला लावलेल्या तेलाचा गेला. याला पगाराच्या चिठ्ठीत रकाना नाही. मराठीत आपण "भरपाई" म्हणतो. जणू खड्डा भरून निघणार आहे. आमच्या शेजारची गुजराती मंडळी "वळतर" म्हणतात; जणू गेलेले वळून परत येणार आहे. दोन्ही शब्द चांगल्या मनाने घडलेले, आणि दोन्ही इथे लटके पडतात. भरायचे काही भरत नाही, वळायचे काही वळत नाही. मग उरते काय? उरते एक लेखी कबुली, की हे इथे, या कामाने झाले. पैशाची किंमत मी कमी लेखत नाही. गरिबाच्या घरात औषधाचे बिल कबुलीने भागत नाही. पण ती कबुली नसेल तर उद्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या पोरासाठी पंखा कुणी लावणार नाही.

गोत्रीच्या शेजारीच गोरवा. तिथल्या हेमा केमिकल्स या क्रोमियमचे क्षार बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या नाकाच्या पडद्यांना भोके पडल्याचा प्रश्न वडोदरा कामदार युनियनने लावून धरला होता. घातक कचऱ्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये नेमलेल्या देखरेख समितीने त्याच कारखान्याला क्रोमियमच्या कचऱ्यापायी कोट्यवधी रुपये भरण्यास सांगितले. जमिनीचे नुकसान मोजता येते, कारण जमीन जागची हलत नाही आणि तिचा नमुना पुन्हा पुन्हा घेता येतो. माणूस नोकरी सोडतो, गाव सोडतो, आणि शेवटी जग सोडतो.

आप्पांचा कारखाना १९९८ मध्ये बंद झाला. आज तिथे गोदाम आहे. २०१६ मध्ये आप्पांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी विचारले, "विडी-सिगारेट?" आप्पांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा कागद ओढला. "काम काय करत होता?" हे कुणीही विचारले नाही. आजाऱ्याला त्याचे काम विचारा, असे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवले आहे. पण मीही तिथेच उभा होतो, आणि मीही बोललो नाही.

क्रोमियमच्या त्या प्रकाराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आज निर्विवाद आहे. आप्पांचा त्यानेच झाला का? हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अशा रोगाचे कारण हजार माणसांत स्पष्ट दिसते. एका माणसात ते पुसट होते. आणि दावा तर नेहमी एकाच माणसाचा असतो. म्हणूनच कायद्याला काही गोष्टी मानून चालावे लागते. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हा विज्ञानाचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे. आणि ज्याच्याकडे माहिती होती, नोंदी होत्या, हवा बदलण्याची सत्ता होती, त्याने संशयाचे ओझे उचलावे, हे मला न्याय्य वाटते.

जुन्या कायद्याला तारीखही लागे. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली, तर ती दिसली तो दिवस अपघाताचा मानावा, अशी सोय होती. सबळ कारण असेल तर उशीर माफही होई. आप्पांच्या छातीने अठरा वर्षे घेतली. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राच्या ॲस्बेस्टॉसविषयीच्या याचिकेवर १९९५ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले होते. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात, असे न्यायालयाने सांगितले. शरीर किती उशिरा बोलते, याची जाण त्या चाळीस वर्षांत आहे.

आप्पा त्याच वर्षी गेले. वहिनींनी ट्रंक उघडली तेव्हा मुलांच्या गुणपत्रिका होत्या, लग्नाचे आहेर लिहिलेली वही होती. पगाराची एकही चिठ्ठी नव्हती, हजेरीचे कार्ड नव्हते. आप्पा त्या टाकीवर सोळा वर्षे उभे होते, याचा जगात कागदी पुरावा एकच: माझ्या कपाटातला, १९९३ सालचा, सही नसलेला गुजराती अर्ज.

तो मी अजून फाडलेला नाही. मात्र सोसायटीत कुणाचा मुलगा कारखान्यात लागला की मी आता आगाऊपणे विचारतो: काम काय आहे, टाकी कसली आहे, पंखा आहे का, कार्ड जपून ठेवतोस का. पोरे हसतात. "काका, तुम्हाला कशाला पंचाईत?" म्हणतात. मी त्यांना आप्पांच्या डाळीची गोष्ट सांगतो.