वज्जींचे बळ आणि तैवान



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची मोफत मिळालेली प्रत असेल. तिची पाने चाळून पाहा. कदाचित ती तैवानमधील बौद्धांनी छापून पाठविलेली असेल. ज्यांनी बाबासाहेबांचा ग्रंथ आपल्या हाती दिला, त्यांच्यावर काय प्रसंग आहे, हे आपण जाणून घ्यायला नको काय?

तैवान हे चीनच्या किनाऱ्यासमोरचे बेट. चीन ते आपलेच म्हणतो. १९७१ पासून संयुक्त राष्ट्रसंघात तैवानला आसन नाही. १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षे तेथे लष्करी कायदा होता. अनेकांनी तुरुंगवास सोसला, तेव्हा कोठे १९९६ साली जनतेला आपला राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडता आला. त्या मतदानाच्या तोंडावर चीनने बेटालगतच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली. तरीही शंभरातील ७६ मतदारांनी मत दिले!

त्या वेळी अमेरिकेने विमानवाहू नौकांचे दोन ताफे पाठविले. पण मदत बलाढ्यांनीच करावी असे थोडेच आहे? २०२१ साली तैवानला कोरोनाची लस अपुरी पडली, तेव्हा लहानशा लिथुआनियाने २० हजार मात्रा देऊ केल्या. त्याच वर्षी त्याने आपल्या राजधानीत तैवानच्या नावाने कार्यालय उघडू दिले आणि चीनने त्याचा व्यापार रोखला. मैत्रीची किंमत मोजावी लागते, ती अशी.

आता महापरिनिब्बान सुत्त आठवा. मगधाचा अजातशत्रू वज्जींच्या गणराज्यावर चालून जाणार होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला तथागतांकडे धाडले. तथागतांनी वज्जींचे सैन्य किती, हे विचारले नाही. ते वारंवार सभा भरवितात काय, एकोप्याने निर्णय घेतात काय, हे आनंदाला विचारले. पुढे वस्सकाराने वज्जींत फूट पाडली, तेव्हाच वैशाली पडली, असे अट्ठकथा सांगते.

आजचे वस्सकार खोट्या बातम्या पेरतात. तैवानमधील तरुण स्वयंसेवक त्या पडताळून लोकांपुढे सत्य ठेवतात. बाहेरचा मित्र दार राखील. घर मात्र घरच्यांनीच राखायचे असते.

म्हणून येत्या पौर्णिमेला विहारात हे सुत्त वाचा, मुलांना समजावून सांगा. चिनी जनतेचा द्वेष करू नका. तिच्यातही लाखो उपासक आहेत. परंतु मैत्रीभावना करताना तैवानच्या त्या मतदारांचे स्मरण ठेवा. आणि आपल्या वस्तीच्या सभेला चुकू नका. मतभेद असतील तर सभेत मांडा, सभा मोडू नका.

भवतु सब्ब मंगलं!