अनाथपिंडिक : गृहस्थाच्या स्मरणाचा प्रश्न

गृहत्यागाला धर्मजीवनाचे शिखर मानणाऱ्या परंपरेने, ज्याने घर सोडले नाही, व्यापार आवरला नाही आणि लेकरांची काळजी अखेरपर्यंत वाहिली, अशा माणसाचे स्मरण कोणत्या नात्याने करावे, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात जुना आहे. पालि वाङ्मयातील अनाथपिंडिकाच्या चरित्रात तो विशेष उघडपणे समोर येतो. सुदत्त हे त्याचे मूळ नाव. कोसल देशाच्या राजधानीचा, श्रावस्तीचा, तो ‘सेट्ठि’ होता; मराठीतला ‘शेट’ याच शब्दाच्या कुळातला. अनाथांना पिंड, म्हणजे अन्नाचा घास, देणारा म्हणून लोक त्याला अनाथपिंडिक म्हणू लागले, तर ग्रंथ त्याला बहुधा ‘गहपति’ म्हणून हाक मारतात. गहपति म्हणजे नुसता घरात राहणारा नव्हे. कुटुंब, नोकरचाकर आणि मालमत्ता यांचा भार ज्याच्या शिरावर आहे असा घरचा कर्ता.

परंपरेने त्याला लक्षात ठेवले ते मुख्यतः जेतवनाच्या, म्हणजे बुद्ध व त्याच्या भिक्षूंच्या निवासासाठी घेतलेल्या बागेच्या, खरेदीमुळे. विनयपिटकातील चुल्लवग्गात ही हकिकत येते. जेत या राजकुमाराने आपली बाग विकायची नाही म्हणून, कोटी नाणी अंथरली तरी देणार नाही, असे सांगितले. अनाथपिंडिकाने ते शब्द किंमत समजून उचलले, आणि वाद न्यायाधिकाऱ्यांपुढे गेला तेव्हा त्यांनी, भाव बोलला गेला आहे त्या अर्थी सौदा झाला, असा निवाडा दिला. श्रद्धेचा एवढा मोठा प्रसंग व्यापारी व्यवहाराच्या एका कलमावर उभा आहे, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. गाड्यांतून सोने आले, जमिनीवर पसरले गेले, आणि पहिल्या खेपेत दरवाजाजवळचा थोडासा तुकडा उघडा राहिला; तो जेताने स्वतःच्या दानासाठी मागून घेतला व तिथे प्रवेशद्वाराची वास्तू बांधली. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात हाच प्रसंग कोरला गेला. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात असलेल्या त्या वर्तुळाकार शिल्पात जू उतरवलेली बैलगाडी, शेजारी बसलेले बैल आणि फरशीसारखी चौकोनी नाणी एकापुढे एक मांडणारी माणसे दिसतात.

दगडाने जपलेली व्यापाऱ्याची आठवण बहुधा अशीच असते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेख हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीने पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे सांगतो. भूतपालाचे घर कसे चालले, त्याने कोणाला खांदा दिला, तो कसा मेला, हे सांगणे त्या लेखाचे काम नव्हे. शिलालेख दानाची नोंद करतो, आयुष्याची नाही. अनाथपिंडिकाच्या बाबतीत मात्र ग्रंथांनी ही उणीव भरून काढली आहे, आणि त्यांतून उभा राहणारा माणूस दानशूराच्या प्रतिमेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे.

अट्ठकथा, म्हणजे मूळ ग्रंथांवरील पालि भाष्ये, सांगतात की व्यापाऱ्यांना दिलेले अठरा कोटींचे कर्ज परत आले नाही आणि नदीकाठी पुरून ठेवलेले तितकेच धन पुरात वाहून गेले. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात तो बुद्धाला सांगतो की घरातून दान दिले जाते खरे, पण ते कण्यांच्या भाताचे, सोबत आंबट कांजी. त्यावर त्याला मिळणारे उत्तर नुसते सांत्वन करणारे नाही: अफाट दानापेक्षा शील मोठे, आणि त्याहूनही, चुटकी वाजवण्याइतका वेळ का होईना, सर्व काही अनित्य आहे ही जाणीव मोठी. त्याच निकायात दुसऱ्या ठिकाणी, भिक्षूंना चीवर, अन्न, निवारा आणि औषध पुरवले एवढ्यावर समाधान मानू नका, अधूनमधून एकांतातला आनंदही अनुभवा, असे त्याला बजावले आहे. दात्याला त्याच्या दानाच्या पलीकडे नेण्याचा हा प्रयत्न होता. पुढच्या काळाने त्याला पुन्हा दानाशीच जखडून ठेवले, ही खेदाची गोष्ट होय.

घरातही त्याला धर्म सोपा गेला नाही. काळ नावाचा मुलगा धर्मोपदेश ऐकायला जाईना, तेव्हा बापाने त्याला पैशाचे आमिष दाखवून पाठवले, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. व्यापाऱ्याला सुचणारा उपाय दुसरा कोणता असणार? सुमना ही मुलगी मृत्युशय्येवर असताना तिने वडिलांना ‘धाकट्या भावा’ अशी हाक मारली. पोर भ्रमिष्टासारखी बोलत गेली या समजुतीने तो रडत बुद्धाकडे आला. बुद्धाने उलगडा केला तो असा: बाप ‘सोतापन्न’, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात नुकता उतरलेला, तर मुलगी ‘सकदागामिनी’, म्हणजे या लोकी फक्त एकदाच परत येणारी, त्याच्या एक पायरी पुढे होती. एकाच घरात राहून मुलगी बापाच्या पुढे गेली होती. घर हा आध्यात्मिक वाटेवरचा अडसरच असतो, असे म्हणणाऱ्याला ही कथा अडचणीत आणते.

मज्झिम निकायातील त्याच्या अखेरच्या आजाराचे सुत्त या सर्वांचा गाभा आहे. आवळपट्टीने डोके करकचून बांधावे तशा वेदना होत असताना बुद्धाचा शिष्य सारिपुत्त हा आनंद या भिक्षूसह त्याच्याकडे येतो आणि डोळा, कान, रूप, संवेदना, विज्ञान (म्हणजे जाणीव), इहलोक, परलोक यांपैकी कशालाही धरून न राहण्याचा उपदेश करतो. ऐकता ऐकता अनाथपिंडिक रडू लागतो. आनंदाला वाटते, धीर सुटला. तो सांगतो की तसे नाही, इतका दीर्घकाळ आपण शास्त्याची व भिक्षूंची सेवा केली, पण असा उपदेश कधी कानी पडला नाही. शुभ्र वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना असा उपदेश केला जात नाही, असे आनंद म्हणतो. त्यावर मरणोन्मुख शेट विनवतो की तो त्यांनाही केला जावा, कारण ज्यांच्या डोळ्यांत धूळ थोडीच आहे असे लोक न ऐकल्यामुळे वाया जातात.

आनंदाचे वाक्य सिद्धांत म्हणून घ्यावे की रूढी म्हणून? ते रूढीचे वर्णन आहे असे मानणेच सयुक्तिक, कारण संयुत्त निकायात चित्त नावाचा गृहपति गहन विषयांवर भिक्षूंशी बरोबरीने बोलताना दिसतो. गृहस्थाची पात्रता कमी नव्हती. त्याच्याकडून अन्नवस्त्राचीच अपेक्षा ठेवण्याची सवय जडली होती, आणि ती मोडण्याची मागणी करणारा माणूस खुद्द सर्वांत मोठा दाता होता. जेतवनाच्या सोन्यापेक्षा ही विनवणी त्याच्या स्मरणाच्या केंद्रस्थानी हवी.

त्याच सुत्तात मृत्यूनंतर एक तेजस्वी देवपुत्र रात्री जेतवनात येतो आणि, कुळाने वा धनाने नव्हे तर कर्म, विद्या, धर्म व शील यांनी माणसे शुद्ध होतात, असे सांगून निघून जातो. सकाळी बुद्ध भिक्षूंना ही घटना सांगतो, पण पाहुण्याचे नाव घेत नाही. तो अनाथपिंडिकच असला पाहिजे, असे ओळखतो तो आनंद.