पहिल्या दिवसाचा आकडा

दुरुस्तीच्या धंद्यात बहुतेक काम गिऱ्हाइकाला दिसतं. बदललेला कीबोर्ड दिसतो, नवा स्क्रीन दिसतो, एसएसडी टाकली की मशीन झटकन सुरू होतं तेही कळतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये मी काय भरलं, हे मात्र त्याला कधीच दिसत नाही. चार स्क्रू आवळले की तो थर झाकला जातो. पुन्हा कधी उघडला तर उघडणारा मी किंवा माझ्यासारखाच दुसरा दुकानदार. तिथे पेस्ट लावायची की पॅड ठेवायचा, हे ठरवताना माझ्यावर नजर ठेवणारं कुणी नसतं. म्हणून हा हिशेब एकदा स्वतःशीच मांडून पाहावा असं वाटतं.

दुकान अकोल्यात आहे, हे आधी सांगायला हवं, कारण त्याने प्रश्न बदलतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि प्रत्येकाच्या खोलीत एसी नसतो. पंखा कितीही फिरवला तरी हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. २८ अंशांच्या खोलीत जो लॅपटॉप ८२ अंशांवर काम करतो, तोच ४३ अंशांच्या खोलीत ९७ च्या घरात जातो. १०० च्या आसपास बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतात. पुण्या-बंगळुरूच्या हौशी मंडळींना पाच अंशांचा फरक हा फुशारकीचा विषय वाटत असेल. इथे लग्नाचा व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोराचं काम रात्री संपणार की पहाटे, हे त्या पाच अंशांवर ठरतं.

मधल्या थराचं काम तसं साधं आहे. प्रोसेसरचा माथा आणि हीटसिंकचा तळ हाताला गुळगुळीत लागले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्याच असतात. एकमेकांवर टेकवले की थोड्याच ठिकाणी धातू भिडतो, बाकी जागी हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, हवेची ०.०२६. रंगारी भिंतीच्या खड्ड्यांत लांबी भरतो, तसं ती हवा हुसकून जागा भरणं एवढंच पेस्टचं काम. पेस्ट स्वतः वाहक म्हणून तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे थर जितका पातळ तितका बरा.

जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या ग्रंथात उष्णतावहनाचा जो नियम मांडला, त्यात वाहकता आहे तशी जाडीही आहे. आम्ही दुकानात फक्त पाकिटावर छापलेली वाहकता वाचतो. ४५ वॅट उष्णता टाकणारा, १५० चौरस मिलिमीटरचा उघडा प्रोसेसर घ्या. त्यावर ४ वाहकतेच्या साध्या पेस्टचा ५० मायक्रॉनचा थर असेल, तर त्या थरात जेमतेम ४ अंश खर्च होतात. त्याच जागी ६ वाहकतेचा १ मिलिमीटर जाड पॅड ठेवला तर थरातच ५० अंश जातात. आकडा पॅडचा मोठा, पण मशीन पॅडने बसतं.

हाच हिशेब महागड्या पेस्टला लावून पाहिला आणि जरा ओशाळलो. ८.५ वाहकतेच्या जागी १२.५ ची पेस्ट घेतली, थर तोच ठेवला, तर कागदावर फरक पडतो तो साधारण अर्ध्या अंशाचा. ती महागडी सिरिंज काउंटरवर दिसेल अशी का ठेवलेली असते? प्रोसेसरसाठी म्हणावं तर अर्ध्या अंशासाठी कुणी एवढा खर्च करत नाही. ती माझ्या रुबाबासाठी आहे. ‘आपल्याकडे भारीतली असते’ हे वाक्य बोलायला मला आवडतं, हे मान्य करायला हवं.

जाडी किती महत्त्वाची, याचा एक जाहीर दाखला आहे. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत सिलिकॉन आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर भरलं होतं. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये त्या जागी पेस्ट आली आणि तापमान वाढलं म्हणून हौशी लोकांनी ब्लेडने झाकणं उचकटली. उघडून पाहणाऱ्या अनेकांचं म्हणणं असं पडलं, की दोष पेस्टपेक्षा झाकण चिकटवणाऱ्या गोंदाचा जास्त. त्याने फट रुंद ठेवली होती. २०१८ मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेलांत सोल्डर परत आलं. एवढ्या मोठ्या कारखान्यातही वाद शेवटी फटीवर येतो.

आता पॅड. गिऱ्हाईक ज्याला सरसकट पॅड म्हणतं त्यात निदान तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक सिलिकोनचा मऊ, रबरी पॅड. तो ग्राफिक्स कार्डच्या मेमरीवर, व्होल्टेज देणाऱ्या भागांवर, जिथे फट मुळातच अर्धा-एक मिलिमीटर असते तिथे लागतो. तिथे पेस्ट पोहोचतच नाही. जाडी चुकली तर हीटसिंक मुख्य चिपवरून उचलला जातो, त्यामुळे जुन्या पॅडची जाडी मोजल्याशिवाय नवा कापू नये. प्रोसेसरवर मात्र तो ठेवणं म्हणजे वरच्या ५० अंशांना निमंत्रण. दुसरा ग्राफाइटचा कागदासारखा पॅड. तो वाळत नाही, काढून पुन्हा वापरता येतो, पण विजेचा वाहक आहे. बाजूच्या बारक्या कपॅसिटरांवर सरकला तर शॉर्ट. तिसरा, माझी झोप उडवणारा, म्हणजे फेज चेंज शीट. हनीवेलची पीटीएम ७९५० यातली सगळ्यांत नावाजलेली. ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखाच पातळ थर बनते. (अकोल्याच्या उन्हाळ्यात ती दुकानातच मऊ पडते. फिल्म सोलता यावी म्हणून आम्ही ती फ्रीजमध्ये ठेवतो. घरच्यांना त्या पाकिटाचं कौतुक नाही.) द्रवरूप धातूबद्दल इथे बोलत नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये तो कारखान्यातूनच भरून येतो, पण त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि थेंब सांडला तर बोर्ड जातो. दुसऱ्याच्या मशीनवर तो धोका मी घेत नाही.

मूळ पेच लॅपटॉपचा आहे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर झाकण नसतं, हीटसिंकचं तांबं थेट सिलिकॉनवर बसतं. एका अंशाला सिलिकॉन दशलक्षात साधारण अडीच भाग फुगतं, तांबं सतरा. मशीन तापलं-निवलं की हे दोघं एकमेकांवर घासल्यासारखे हलतात आणि प्रत्येक वेळी थोडी पेस्ट कडेला ढकलतात. पातळ पेस्ट लवकर सरकते. काही महिन्यांनी मध्यभाग कोरडा पडू लागतो आणि पेस्ट कडेला साचलेली दिसते. फेज चेंज शीट ही ढकलाढकली फार चांगली सहन करते; उलट पहिल्या काही तापण्या-निवण्यांत ती नीट बसते आणि तापमान थोडं खालीच येतं.

हे मला ठाऊक आहे. तरी हात आधी सिरिंजकडे जातो. का?

पहिलं कारण मी देतो ते सवयीचं. मी शिकलो अॅम्प्लिफायरच्या दुकानात. टू एन ३०५५ ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची चकती ठेवायची आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरं हीटसिंक कंपाउंड लावायचं, हे उस्तादांनी शिकवलं. बोटाला त्या पांढऱ्या मलमाचा अंदाज आहे. पण सवय हे कारण स्वतःपुरतं ठीक आहे. दुसऱ्याच्या पैशाने सवय पोसायची नसते.

दुसरं कारण खोलात शिरतं. पेस्ट लावली की मी लगेच ताणाची चाचणी चालवतो. दहा मिनिटं प्रोसेसरला पूर्ण जोर लावायचा, गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवायचा: आधी ९८, आता ८१. तो खूश, मी खूश, पैसे हातात. ही चाचणी खोटी नाही, आकडा खरा आहे. पण तो पहिल्या दिवसाचा आहे, आणि पेस्ट आपला सगळ्यांत चांगला चेहरा पहिल्याच दिवशी दाखवते. शीटचं उलट, तिचं मोल दुसऱ्या वर्षी कळतं, जेव्हा माझ्या काउंटरसमोर कुणी उभं नसतं. म्हणजे मी निवडलेली चाचणीच अशी आहे, की तिच्यात पेस्ट जिंकते. आणि ती निवडली मीच, कारण टाळी त्याच क्षणी मिळते.

तिसरं कारण पैशाचं, आणि ते मी स्वतःलासुद्धा उघड कधी सांगत नव्हतो. पेस्टचं गिऱ्हाईक परत येतं. दीड-दोन वर्षांनी फॅनचा आवाज वाढतो, ते म्हणतं, ‘भाऊ, सर्व्हिसिंग करून द्या’, आणि पुन्हा तेच पैसे. शीट लावलेला लॅपटॉप मात्र वर्षानुवर्षं नुसती धूळ काढायला येईल. मी कुणाला फसवायला पेस्ट लावली, असं मनाला पटत नाही. पण ज्या पर्यायात माझा फायदा होता, तो मला तांत्रिकदृष्ट्याही नेहमी योग्यच वाटत आला, या योगायोगाकडे मी फार दिवस डोळेझाक केली.

उलट बाजूही तितक्याच कडकपणे तपासायला हवी, नाहीतर हे शीटचं भजन होईल. शीटमध्येही माझा लोभ आहेच. तिचे एकदम जास्त पैसे घेता येतात. हाताचं कौशल्य कमी लागतं, कापली, ठेवली, स्क्रू आवळले. शिकाऊ पोरालाही जमतं. शिवाय त्या नावाच्या नकली शीट बाजारात फिरतात. हातातला तुकडा खरा की नकली, हे पाहून ओळखण्याची माझी कुवत नाही. ओळखीच्या विक्रेत्यावर भरवसा ठेवायचा, एवढंच हातात. ज्याची खात्री मी स्वतः करू शकत नाही, त्याचं नाव घेऊन जादा पैसे मागताना आवाज जरा खाली येतो, आणि यावा.

महा ई-सेवा केंद्रातला किंवा डीटीपीवाल्याचा डेस्कटॉप आला तर प्रश्नच उरत नाही. झाकण असलेला प्रोसेसर, हवेशीर डबा, दिवसभर दाखले आणि सातबारे छापणं. तिथे साधी पेस्ट पुरते, कित्येक वर्षं पुरते. तिथे शीट गळ्यात मारणं हाच गुन्हा. काळजी घ्यायची ती कूलर काढताना. एएमडीच्या एएम फोर सॉकेटमध्ये वाळलेली पेस्ट इतकी धरून बसते, की कूलर ओढला तर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी मशीन चालवून गरम करायचं, मग कूलर हलका पिळत सोडवायचा. गिऱ्हाइकाला हे दोन मिनिटांचं काम वाटतं, वाटू द्यावं.

दुकानात आलेला माणूस विचारतो तो एकच प्रश्न: ‘भाऊ, पेस्ट माराचे किती पैसे लागतीन?’ त्याने पेस्ट म्हटलं, मी पेस्ट लावली. व्यवहार म्हणून यात बोट ठेवायला जागा नाही. पण त्याला दुसरा पर्याय आहे हेच ठाऊक नसताना त्याने केलेल्या मागणीमागे मी लपतो, तेव्हा ती निवड त्याची राहत नाही. हल्ली दोन्ही भाव सांगतो आणि भावाबरोबर काळही सांगतो: ही लावली तर दीड-दोन वर्षांनी याल, ती लावली तर बहुधा बराच काळ येणार नाही. स्क्रीनवरचा आकडा दाखवताना तो आजचा आहे, हेही म्हणतो. मागच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवतो, तारीख आणि काय लावलं ते लिहून. उद्या दुसऱ्याने उघडलं तरी त्याला कळावं.

सगळे शीट घेत नाहीत. विद्यार्थी पेस्टच घेतात, कारण खिशात तेवढेच असतात, आणि ते योग्यच आहे. व्हिडिओवाला म्हणतो, लग्नसराई उरकू द्या, मग पाहू. काहीजण दोन भाव ऐकून संशयाने बघतात आणि समोरच्या दुकानात जातात, जिथे एकच भाव आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काळ सांगायला लागण्याआधी ज्यांना मी नुसती पेस्ट लावून दिली, ते आता एकेक करून परत येताहेत, फॅनच्या आवाजाची तक्रार घेऊन. त्यांना पर्याय सांगितला नव्हता, तर शीट लावताना मागच्या वेळची मजुरी वजा करावी का? धंद्याच्या हिशेबाने नाही. काम केलं होतं, ते टिकलंही तितकंच. दुसऱ्या हिशेबाने उत्तर वेगळं येतं. सध्या कुणाकडून पूर्ण घेतो, कुणाकडून कमी, आणि कुणाकडून कमी घ्यायचं हे बहुतेक वेळा त्या माणसाशी माझी ओळख किती यावर ठरतं. हा काही नियम नव्हे, आणि या महिन्यात तो करायलाच हवा.