गाळ्यांवर उभी वस्ती

मुंबईत घर चौरस फुटांच्या भावाने घ्यावं लागतं आणि त्याच्या भोवतालची वस्ती मात्र फुकटात मिळते, असा आपला समज आहे. म्हणूनच 'इथे अजून जुनं वातावरण आहे हो' असं आपण हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलतो. पण ते वातावरण कोणी तरी घडवलेलं असतं, आणि त्याचं बिलही कोणी तरी भरत असतं.

माटुंग्याचंच पाहा. किंग्ज सर्कलच्या आसपास कॉफीच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, 'चिकोरी किती?' नेहमीच्या गिऱ्हाइकाला तोही विचारत नाहीत. त्याचं ऐंशी-वीसचं प्रमाण दुकानदाराला पाठ असतं. बिया दळून, पुडी बांधून होईपर्यंत शेजारून केळीची पानं, मोगरा आणि कढीपत्ता घेऊन होतो. मोठ्या शहरात आपल्याला कोणी तरी ओळखतं, तेही नाव-गाव न विचारता! वस्तीची ओढ म्हणतात ती बहुतेक एवढीच असते, आणि एवढी पुरते.

हे काही पिढ्यान्‌पिढ्यांचं गावपण नव्हे. 1896 च्या प्लेगने हादरलेल्या सरकारने 1898 मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर त्याने रस्ते आखले आणि प्लॉट पाडले. दक्षिणेतून आलेला, इंग्रजी शिकलेला कारकून वर्ग इथे भाड्याने राहू लागला. निखिल राव यांच्या 'हाऊस, बट नो गार्डन' या इतिहासग्रंथात या 'ब्लॉक' संस्कृतीची, म्हणजे स्वयंपाकघर-संडासासह स्वतंत्र फ्लॅटमधल्या राहणीची, तपशीलवार हकिगत आहे. घरातच संडास ही तेव्हा नुसती सोय नव्हती, सोवळ्याओवळ्याचा गंभीर प्रश्न होता. मग आस्तिक समाजाचं मंदिर आलं, 1932 मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी आली, 1942 मध्ये स्टेशनजवळ रामा नायकांचं बोर्डिंग सुरू झालं. म्हणजे आखणी परक्या सरकारची, रंग भाडेकरूंचा.

पुढे त्या भाडेकरूंतले पुष्कळ चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीकडे गेले. माटुंग्यात आज गुजराती आणि कच्छी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. तरी माटुंगा 'मद्रासी'च राहिला, कारण दुकानं हलली नाहीत. सणासुदीला उपनगरांतली माणसं लोकलने इथे सामानाला येतात. वस्तीचं वेगळेपण वरच्या मजल्यांवरच्या माणसांपेक्षा तळमजल्यावरच्या गाळ्यांत जास्त टिकतं, असं मला वाटतं ते यामुळे.

आणि गाळे टिकले ते भाडं गोठलं म्हणून. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीशी बांधली. पागडीच्या जागेत किरकोळ भाड्यावर कॉफी दळणं परवडतं, बाजारभावाने परवडणं कठीण. मालकाने मग डागडुजी सोडली, गच्च्या गळू लागल्या, टेकू लागले. ज्या वातावरणाचं आपण कौतुक करतो त्याची किंमत मालकाने, आणि टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज चढणाऱ्या म्हातारीने चुकवली. म्हणून पुनर्विकासाला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. कौतुक करायला येणारा संध्याकाळी आपल्या पक्क्या घरी परततो.

ओळखीला दुसरीही बाजू आहे. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे आडनाव विचारून, ताटात काय असतं ते विचारून घर नाकारणंही सोपं जातं. मुंबईत मुसलमानाला किंवा एकट्या राहणाऱ्या मुलीला भाड्याने घर शोधताना हे कळतं. वस्तीच्या गोडव्यावर लिहिणारे हा परिच्छेद सहसा गाळतात.

तरीही नव्या टॉवरबद्दल माझी एक तक्रार उरतेच, आणि ती उंचीबद्दल नाही. खालचे चार-पाच मजले पार्किंगचे, रस्त्याकडे कोरी भिंत, फाटकावर वॉचमन. रहिवासी गाडीतून उतरून थेट लिफ्टमध्ये. फुटपाथवर थांबायला कारणच नाही. मूळ दुकानदाराला कायद्याने गाळा मिळतो, पण इमारत पुरी होईपर्यंतच्या वर्षांत गिऱ्हाइकाची सवय मोडते आणि नव्या सोसायटीचा मेंटेनन्स जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. ट्रस्टला शंभर वर्षांपूर्वी प्लॉट आखता आले, तर रस्त्यालगत छोटे गाळे ठेवायची आणि पार्किंग त्यांच्या मागे ढकलायची अट आज महापालिकेला घालता यावी. चढ्या एफएसआयच्या, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीच्या, बदल्यात बिल्डर याहून जाचक अटी मुकाट पाळतात.